धबधब्याच्या वाटेवर

खरं तर आम्ही धबधबा बघायला निघालो होतो.
बाबांनी आदल्या रात्री नकाशावर
लाल पेन्सिलीने वाट आखली होती, मिनिटांसकट.

पिवळी बस पाचव्या वळणावर भोंगा वाजवत वळली
आणि कोर्सिनने आपल्या नव्या टोपीत
सकाळचं सगळं दूध परत केलं.
टोपी धुतली गावात शिरल्या शिरल्या, डोणीवर.
लार्चचा अख्खा ओंडका कोरून केलेली डोण,
पाणी असं, की बोटं आपली राहिली नाहीत.
एक तांबूस गाय रवंथ करत
आमची फजिती बघत होती.

आर्देल्ला. एकोणतीस घरं, एक दुकान,
तेही दहा ते बारा.
भिंती इतक्या जाड, की खिडकीच्या कोनाड्यात
मांजर कूस बदलून झोपतं.
चुन्यावर खरवडलेले मासे, सूर्य, सोळाशे चौऱ्याऐंशी,
आणि एका दारावर आजीच्या भाषेतली ओळ.
आई बोट फिरवत वाचायला लागली:
"जो आत येईल, त्याने आधी…"
आणि थांबली. पुढचं क्रियापद तिला येईना.
"पाय पुसावेत," बाबा म्हणाले.
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो.

चर्चमागे पणजोबांना शोधलं.
इथे थडगं पंचवीस वर्षांच्या बोलीवर मिळतं,
नंतर माती दुसऱ्याची.
पणजोबांची मुदत केव्हाच संपली होती.
त्यांच्या जागी आखूड कापलेलं गवत
आणि नळाला अडकवलेली हिरवी झारी.
आईने ती भरली
आणि शेजारच्या कुणा बार्बलाच्या जिरेनियमला
पाणी घातलं. सावकाश. शेवटच्या थेंबापर्यंत.

वाट पुढे कुरणातून चढत होती.
कुरण कसलं, उभी भिंतच ती, हिरवी.
तिच्यावर एक बाई, सत्तरीपुढची,
बुटांच्या तळव्यांना लोखंडी खिळे,
वाळलं गवत खाली ओढत होती.
पलीकडच्या सुळक्यामागे आभाळ
दौत लवंडल्यासारखं.
तिने ना हसून पाहिलं, ना रामराम केला.
विचारलं, "कुणाची गं तू?"

आईने नाव नाही सांगितलं, आडनाव तर नाहीच.
म्हणाली, "खालच्या डोणीवरच्या उर्सिनाची."

बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं
आणि एक दंताळं पुढे केलं,
जणू आई सकाळीच यायची होती
आणि जरा उशीर झाला.
"रास्तेल," आई म्हणाली, आम्हाला नाही, दंताळ्यालाच.
तो शब्द इतकी वर्षं
तिच्या कुठल्या खिशात होता कोण जाणे.

मग काय. विम्याचे दावे तपासणारे बाबा
पाठीवर चादरीचं गाठोडं घेऊन
खेकड्यासारखे तिरपे उतरू लागले.
कोर्सिन गवतावरून घसरत गेला, कामाच्या नावाखाली.
माझ्या तळहाताला दोन फोड आले,
एक फुटला, तो मी कुणाला दाखवला नाही.
आई मात्र चुकत होती. दात जमिनीत रुतवत होती.
बाई, आइता तिचं नाव, मागून येऊन
एक शब्द न बोलता तिची मूठ सरकवायची, वीतभर खाली.

शेवटचं गाठोडं गोठ्यावरच्या माळ्यात पडलं
आणि छपरावर गारा तुटून पडल्या.
आम्ही गवतात बसलो, घामेजलेले, शिंकत.
आइताने खिशातल्या चाकूने चीज कापलं,
चाकूच्या टोकावरूनच वाटलं.

गारा थांबल्यावर बाबांनी घड्याळ पाहिलं,
नकाशा उलगडला, धबधब्याचं विचारलं.
"तो होय?" आइता म्हणाली. "तो मे महिन्यात असतो.
आता नळ गळतो तेवढा."

विंटरथूरला परतल्यावर आठवडाभर
मोज्यांतून कुसळं निघत होती.
वॉशिंग मशीनच्या जाळीत अडकलेली
आई चिमटीने काढायची, टाकायची नाही.
ओट्यावर एका बशीत ठेवायची.

त्या दाराचं क्रियापद
आइताला विचारायचं राहूनच गेलं.